‘ईस्ट इज ईस्ट’चं एवढं कौतुक का झालं?

चहाटळ:
काल ‘ईस्ट इज ईस्ट’ (१९९९) परत पाहिला. १९७१चं इंग्लंडमधलं सॅल्फर्ड, चिप्सचं दुकान चालवणारा पाकिस्तानी जॉर्ज खान (ओम पुरी), इंग्रज बायको एला आणि सात पोरं. थोरला भर लग्नातून पळाला तरी बापाची खोड जात नाही. पुढच्या दोघांची लग्नं परस्पर ठरवून मोकळा! समीक्षकांनी विनोदाला डोक्यावर घेतलं, बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट ठरला. मला नाही झेपला. आधी बापावर हसवतात, मग तो पोराला आणि बायकोला बदडतो, आणि शेवटी पुन्हा चहा! शिवाय गोऱ्या प्रेक्षकाला ‘हे असेच असतात’ म्हणायला आयतं निमित्त.

खारेदाणे:
साफ असहमत. अयूब खान-दीननं स्वतःचंच घर लिहिलंय. बाप पाकिस्तानी, आई इंग्रज, गाव सॅल्फर्डच. आधी १९९६ साली नाटक आलं, मग सिनेमा. स्वतःच्या बापाबद्दल लिहितानाही त्यानं अख्ख्या समाजाची अब्रू सांभाळायची का? आमचे वडील घरात शिरले की टीव्हीचा आवाज आपोआप कमी व्हायचा. रात्री त्यांच्याच नकला करून आम्ही भावंडं उशीत तोंड खुपसून हसायचो. मारही खाल्लाय.

गल्लीबोळ:
गोरे काय साळसूद दाखवलेत? शेजारचा म्हातारा स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या इनॉक पॉवेल या राजकारण्याचा भक्त, आणि त्याचाच नातू जॉर्जला अदबीनं सलाम करतो. तिकडे पूर्व पाकिस्तान हातचं जातंय, इकडे पोरं. ही सांगड परीक्षणांत फारशी दिसत नाही.


चहाटळ:
नकलांचं पटलं. पण तुम्ही हसायचात तेव्हा वडील खोलीत नसायचे. इथे एलाच्या तोंडावर वण आहेत आणि मी पुढच्या विनोदाची वाट बघायची?

खारेदाणे:
वाट बघू नकाच. त्या मारानंतर हसू अडकतं, तेच तर हवंय. आणि एला गरीब गाय नाही. स्थळ घेऊन आलेल्या शहांना तीच घराबाहेर काढते.

गल्लीबोळ:
चहाबद्दल. जॉर्ज नेहमी ‘अर्धाच कप’ घेतो. शेवटी एला विचारते, तो तेच म्हणतो. माझ्या शेजारी आई बसली होती. म्हणाली, ‘विष घाल त्यात.’ मग स्वतःच खुदकन हसली.