प्रति: घरातल्या कुत्र्याला हार्टवर्मची गोळी कशाला?

वर एकांनी लिहिलंय की ह्यूस्टनला त्यांचा कुत्रा घरातच असतो, म्हणून हिवाळ्यात ते हार्टवर्मची गोळी बंद ठेवतात. मला नाही पटत. हार्टवर्म म्हणजे कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसाच्या धमन्यांत वाढणारा जंत; तो डासामार्फतच पसरतो हे खरं, पण जाळीचं दार क्षणभर उघडलं तरी डास आत येतोच की! त्यातून तुमच्याकडे डिसेंबरातही उबदार आठवडे असतात आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी डासांना पुरतं. १४ अंश सेल्सिअसखाली डासाच्या अंगातल्या हार्टवर्मच्या अळीची वाढ थांबते, पण ती मरत नाही. ऊब मिळाली की पुन्हा वाढू लागते. आजूबाजूला उपचार न झालेली कुत्री किंवा कोयोटी (कोल्ह्यासारखे जंगली प्राणी) असतील तर धोका आणखी वाढतो.

दुसरं म्हणजे, महिन्याची गोळी पुढच्या महिन्याचं कवच नसते. मागच्या महिन्याभरात शिरलेल्या अळ्या ती मारते. मोठ्या जंतांना मारायला तिचा भरवसा नाही, आणि मादी तर फुप्फुसाच्या धमनीत फूटभर वाढते. खंड पडलाच असेल तर डॉक्टरांना सांगून आत्ता टेस्ट करा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. संसर्ग नवा असताना टेस्ट निगेटिव्हच येते, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन (हार्टवर्मच्या काही गोळ्यांतलं जंतनाशक औषध) बाधतं म्हणतात ते मोठ्या डोसबद्दल. हार्टवर्मच्या गोळीतलं प्रमाण अगदी कमी असतं, ते चालतं. घोड्यांसाठीची आयव्हरमेक्टिनची पेस्ट मात्र कुत्र्याला अंदाजाने देऊ नका, कृपा करा.