मिमिक्री, विनोद हे पण देवाचं दान असतं का? (नाताळच्या कार्यक्रमावरून वाद झालाय)

नगरी_पोरगा
सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या तरुण संघाचा नाताळचा कार्यक्रम म्हणजे दरवर्षी तेच गव्हाणीचं नाटक, तेच मागी लोक (ताऱ्यामागे आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) आणि आईच्या ओढण्या डोक्याला गुंडाळलेले मेंढपाळ. यंदा मी म्हटलं एक छोटं विनोदी करू, मला लहानपणापासून नकला जमतात. पाळकसाहेब "आणि आता शेवटचा मुद्दा" म्हणतात आणि तिथून पुढे अजून अर्धा तास, सेक्रेटरी सूचना वाचायला उभे राहतात आणि कपाळावरचा चष्मा खिशात शोधतात, आणि घंटा वाजवणारे बाबा जरा अडखळत बोलतात त्यांची पण नक्कल घेतली. तालमीत सगळे लोळले, पाळकसाहेब तर स्वतः डोळे पुसत होते. पण पंच कमिटीतले एक काका म्हणाले की गाणाऱ्याला देवाने गळा दिला, पेटीवाल्याला बोटं दिली, तुला जे दिलंय ते देवाने दिलेलं नाही. लागलं हो मनाला. घरी येऊन बायबलमधला १ करिंथ १२ वाचला, रोम १२ वाचला, शिकवणं आहे, रोग बरे करणं आहे, कारभार बघणं पण आहे, हसवणं कुठेच नाही. मग हे कृपादान म्हणायचं का नुसती वात्रटपणाची सवय?

वसईची_लेक
आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडचं सांगते. १४ जून २०२४ ला पोप फ्रान्सिसनी जगभरातले शंभरावर कॉमेडियन व्हॅटिकनमध्ये बोलावले होते, व्हूपी गोल्डबर्ग, ख्रिस रॉक, जिमी फॅलन सगळे. त्यांना सांगितलं की जवळच्या माणसाची आपण थट्टा करतो तसं देवाशी पण हसता येतं, फक्त श्रद्धाळू माणसाला दुखवू नका. आणि संत फिलिप नेरी माहितीये का, सोळाव्या शतकात रोममध्ये होते, लोक फार पाया पडायला लागले की हा माणूस अर्धी दाढी भादरून रस्त्याने फिरायचा, म्हणजे लोक हसतील आणि देवमाणूस म्हणणं बंद करतील. तर तुमच्या काकांना म्हणावं एकदा दाढी करून बघा 😄

जुना_पंच
मी त्या काकांच्या बाजूने लिहितोय, शिव्या देणार असाल तर आधी पूर्ण वाचा. इफिस ५:४ मध्ये बाष्कळ बोलणं आणि टवाळी विश्वासणाऱ्यांना शोभत नाही असं प्रेषित पौल स्पष्ट लिहितो. आणि नीतिसूत्रे २६:१८-१९ काढा, शेजाऱ्याला फसवायचं आणि वर म्हणायचं मी तर गंमत केली, असा माणूस जळती कोलितं फेकणाऱ्या वेड्यासारखा. आजकाल उपदेशातसुद्धा व्हॉट्सॲपवरचे नवरा-बायकोचे जोक ऐकावे लागतात, वचन राहतं बाजूला. बरं ते सोडा. पाळकांची नक्कल करा, माझी हरकत नाही, त्यांच्यापुढे माईक आहे, पुढच्या रविवारी ते तुम्हाला परतफेड करतील. सेक्रेटरीचा चष्मा पण चालेल. पण घंटावाले बाबा कुठे उत्तर देणार? त्यांना हॉलमध्ये बसून स्वतःचं अडखळणं ऐकावं लागेल आणि सगळे हसतायत म्हणून त्यांनाही हसावं लागेल.

माळीवाड्याचा_टोणगा
पंचकाका बरोबर बोलले राव. एलीया संदेष्ट्याने पण थट्टा केलीच की कर्मेल डोंगरावर, तुमचा बआल देव प्रवासाला गेला असेल, झोपला असेल, जरा मोठ्याने हाका मारा म्हणे. पण समोर बआलाचे ४५० संदेष्टे आणि हा एकटा, वर राणी त्यांच्या बाजूची. त्या थट्टेला हिंमत लागते. अडखळणाऱ्या म्हाताऱ्याची करायला काय लागतं

पुस्तकी_किडा
नगरचे असून लक्ष्मीबाई टिळकांचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागाने आलं, आणि मराठीत एवढं हसवणारं आत्मचरित्र मला तरी दुसरं माहीत नाही. तिच्या वडिलांचं सोवळं घ्या, बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवायचं, आता मीठ धुतल्यावर हातात काय उरणार! पण हे सोवळ्याचं वेड का लागलं तर वडिलांच्या सासऱ्याला १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं त्या धक्क्याने. बाई दोन्ही सांगते. मीठ वाचून हसू येतं आणि फाशी आठवली की त्या माणसाची दया येते, त्याला खलनायक करावं असं तिला वाटलेलंच नाही. नवऱ्याचंही तेच, टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा हिचा संसार मोडल्यात जमा होता, तरी लिहिताना त्यांचा विसरभोळेपणा, तापटपणा, खिशातले पैसे वाटून टाकणं असं रंगवते की वाचणाऱ्याला राग यायच्या ऐवजी जीव लागतो, आणि सगळ्यात जास्त फजिती स्वतःची सांगते. आता मुद्दा. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ख्रिस्तायन पुढे याच बाईने पूर्ण केलं. येशूचं चरित्र लिहिणारा हात आणि मीठ धुण्याचा किस्सा लिहिणारा हात एकच. तिला देवाने दोन वेगवेगळी दानं दिली होती, एक पवित्र आणि एक टाइमपास, असं मला काही वाटत नाही.

आणि यादीचं म्हणशील तर निर्गम ३१ बघ. निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचं, काम करायला बसालेलला देवाने आपल्या आत्म्याने भरलं, कशासाठी तर सोन्याचांदीचं काम, खडे बसवणं, लाकूड कोरणं. करिंथच्या यादीत सुतारकाम तरी कुठे आहे?

एक_वाचक
प्रेषितांची कृत्ये २० मधला युतुख विसरू नका. पौलाचा उपदेश मध्यरात्रीपर्यंत लांबला, पोरगं खिडकीत पेंगलं आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली. नंतर जिवंत झालं म्हणून हसता येतं. तुझा "शेवटचा मुद्दा" वाला आयटम शास्त्राला धरून आहे 😂

वसईची_लेक
😂😂 आणि येशू स्वतः डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस सांगतो, चिलट गाळून उंट गिळणारे परूशी (त्या काळचे कर्मठ धर्मपुढारी) सांगतो. ऐकणारे तेव्हा गंभीर चेहऱ्याने बसले असतील असं मला तरी नाही वाटत.

माळीवाड्याचा_टोणगा
जॉनी लिव्हरचं पण तेच ना. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात साहेब लोकांच्या नकला करायचा म्हणून ते नाव पडलं, कामगारांची नाही, साहेबांची. आणि आता तोच माणूस सभांमधून प्रभूची साक्ष देतो.

नगरी_पोरगा
सगळ्यांना थँक्यू. बाबांचा भाग काढतोय. पण मग मध्येच मोकळी जागा राहते, चष्म्यावरून डायरेक्ट शेवटच्या मुद्द्यावर जाता येत नाही, काहीतरी जोडायला पाहिजे. मी विचार करतोय की माझीच नक्कल घालू, उपासनेला उशिरा येऊन मागच्या बाकावर घुसणारा आणि नेमकं दानाच्या वेळी मोबाईल वाजला म्हणून बाहेर जाणारा. आई म्हणते तुला त्यासाठी तालीम लागणार नाही.

जुना_पंच
हे घ्या. आणि कार्यक्रम उपासनेच्या आत नको, नंतर हॉलमध्ये ठेवा, जेवणाच्या आधी. जेवणानंतर ठेवलात तर निम्मी मंडळी डबे भरून घरी गेलेली असतात. त्या काकांना पुढच्या रांगेत खुर्ची द्या, कोपऱ्यात बसवू नका.