मदत हवी आहे: वडिलांच्या टाचेवरचा काळा डाग. तीळ, बिब्ब्याचा डाग की आणखी काही? (सोलापूर)

टॉवेलनगरी

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे वडील (आम्ही अप्पा म्हणतो), वय ६३. टॉवेल कारखान्यातून जॉबर म्हणून निवृत्त. ११ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी नंदीध्वजाबरोबर अनवाणी चालतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा कधी चुकवत नाहीत. यंदा घरी आल्यावर पाय शेकायला घमेल्यात गरम पाणी दिलं, आणि पुसताना बायकोला डाव्या टाचेच्या आतल्या अंगाला काळा डाग दिसला. घासून निघेना. पट्टीने मोजला: लांबी ११ मिमी, रुंदी ७ मिमी. मध्ये कोळशासारखा काळा, एका बाजूला कॉफीसारखा फिका होत गेलेला. दुखत नाही, खाजत नाही, हाताला उंच लागत नाही.

घरात दोन कथा आहेत. अप्पा म्हणतात, "तीळ हाय की तो, जन्मापासूनचा. काय होतंय बे त्याला." अव्वा म्हणते, चार-पाच वर्षांपूर्वी तिथे कुरूप झालं होतं, तिने बिब्बा तापवून लावला होता, त्याचाच डाग आहे.

गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मशीनने जाळून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे, शनिवारी या. आता काकांनी नवीनच काढलंय की अशा डागाला लोखंड लावू नये, लावलं तर कॅन्सर भडकतो. जाळायचा का? की कापायचा? की हात न लावता ठेवायचा? आणि दाखवायचा नक्की कुणाला?

निशिगंध

शनिवार रद्द करा, आजच. बाकीचं जाणकार सांगतीलच. आणि शुगरवाल्या माणसाचे पाय गरम पाण्यात शेकू नका हो! पायाची जाणीव कमी झालेली असते, भाजलं तरी कळत नाही.

मी_माढेकर

आमच्याकडे चुना आणि धुण्याचा सोडा कालवून काडीने लावायचे, तीळ गळून पडायचा. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस. आणि तळपायावर तीळ म्हणजे पायाला भिंगरी, नशीबवान माणूस. उगाच घाबरवू नका त्यांना.

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यात. माझ्या टेबलावर डाग येत नाही, फॉर्मॅलिनमधला तुकडा येतो. त्यामुळे वर्णन वाचून "हे आहे" किंवा "हे नाही" असं मी म्हणणार नाही. पण जाळू नका, हे मात्र ठाम सांगते. जाळलेल्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची स्लाइड होत नाही. साधा तीळ जाळला तर काही बिघडत नाही. तो साधा नसला तर वरचा रंग जातो, खालचं खाली वाढत राहतं, आणि दोन वर्षांनी जांघेत गाठ घेऊन माणूस येतो तेव्हा आधी काय होतं ते सांगायला कुणाकडे काही नसतं. माढेकर, तुमचा चुना-सोडासुद्धा जाळणंच आहे, फक्त मशीनशिवाय.

लोखंडाचं: बायोप्सी केल्याने, म्हणजे तपासायला तुकडा कापल्याने, मेलानोमा (तिळासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर) पसरत नाही. ही समजूत कशी पडली असेल तेही कळतं. लोक उशिरा येतात, कापेपर्यंत आजार आधीच पुढे गेलेला असतो, आणि बोल सुरीला लागतो.

नेटवर तुम्हाला तिळाच्या पाच खुणा सापडतील. दोन अर्धी एकमेकांसारखी नाहीत, कड वेडीवाकडी किंवा पुसट, एकाहून जास्त रंग, ६ मिमीहून मोठा (पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा), आणि बदलतोय. पहिल्या चार खुणा १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडल्या, बदलाची २००४ मध्ये जोडली. माझ्या मते शेवटची तीच पहिली हवी होती. अंगावरच्या बाकी सगळ्या तिळांपेक्षा एकच वेगळा दिसतोय का, हेही बघावं. घरच्या माणसाला ते डॉक्टरच्या आधी कळतं.

आता आपलं. मेलानोमा भारतात दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात एकाहूनही कमी. त्यामुळे अप्पांचा डाग साधा निघण्याची शक्यता आहेच. टाचेवर काळं दिसायला कारणं बरीच: अनवाणी चालून कातडीत साकळलेलं रक्त, पायाच्या चामखिळीतले काळे ठिपके, बिब्ब्याने भाजल्याचा डाग, साधा तीळ. पण आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलानोमा होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथला तो उन्हामुळे होत नाही, म्हणून सनस्क्रीनचा इथे उपयोग नाही. सगळ्यात कमी बघितली जाणारी जागा हीच त्याची जागा, एवढंच. आणि शुगर असली तर आणखी एक घोळ: कधी कधी त्याला काळा रंग नसतोच, न भरणारी लालसर जखम दिसते आणि शुगरची जखम म्हणून महिनोन्महिने पट्ट्या बांधल्या जातात. पायावर जे काही दोन महिन्यांत भरत नाही ते कुणीतरी नीट बघायला हवं.

जुना फोटो आहे का तळव्याचा? "जन्मापासूनचा" की "कुरुपानंतरचा" याचा निकाल फोटोच लावेल.

टॉवेलनगरी

ताई, मनापासून आभार. तळव्याचा फोटो कोण काढतं, असं म्हणत होतो, पण सापडला! दोन वर्षांपूर्वी भाचीच्या बारशाला अप्पा जेवून खाटेवर झोपलेत, तळवे थेट कॅमेऱ्याकडे. बहिणीने चेष्टेने काढून ग्रुपवर टाकला होता. मोठा करून बघितला. त्याच जागी ठिपका आहे, पण मसुराच्या डाळीएवढा.

म्हणजे वाढलाय. रात्री झोप लागली नाही.

अप्पांना सांगितलं तर चिडले. "बार्शीला नेणार का मला आता?" बस, तेव्हापासून बोलत नाहीत. बार्शीला कॅन्सरचं रुग्णालय आहे, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात बार्शी म्हटलं की कॅन्सर, दुसरा अर्थच नाही. नंदीध्वज उचलणाऱ्या माणसाला कसं समजवायचं?

पार्कचौक

सोलापूरकर इथेही आहे. आधी कुठे जायचं ते सांगतो. बार्शी पुढची गोष्ट, लागलीच तर. आधी त्वचारोगतज्ज्ञ, म्हणजे त्वचारोगात एमडी किंवा डिप्लोमा (डीव्हीडी) केलेले, ज्यांच्याकडे डर्माटोस्कोप आहे असे. फोन करून विचारा, "तीळ बघायचं भिंग आहे का?" लाजू नका. खिशाला झेपत नसेल तर सिव्हिलला स्किनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, कापलेलं तपासायला पॅथॉलॉजी तिथेच. पुढे ऑपरेशन वगैरे निघालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरची नावं जुळतात का ते आताच बघून ठेवा. ऐनवेळी "सिद्राम" आणि "सिद्धराम" यावर दोन दिवस जातात, आमचे गेलेत.

अप्पांचं: त्यांना कॅन्सर हा शब्दच सांगू नका, असं म्हणणार नाही, खोटं अंगाशी येतं. माझ्या सासऱ्यांना मी म्हणालो होतो, "मामा, लूमवर एक धागा तुटला तर तुम्ही लगेच मशीन थांबवायचे ना? कापड पुढे जाऊ द्यायचे का?" उठले, चप्पल घातली.

निशिगंध

हे पार्कचौक यांनी छान सांगितलं. स्लाइडवाली ताई, विषय निघालाच आहे तर: माझ्या पायाच्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ आहे. हा धागा वाचून आता तिच्याकडेच बघत बसलेय.

स्लाइडवाली

निशिगंध, सावळ्या लोकांत बऱ्याच नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असतात, त्या निरुपद्रवी. एकाच नखावर आहे, रुंद होत चाललीय, किंवा नखातला रंग बाहेर येऊन मुळाच्या कातडीवर सांडलाय, असं असेल तर दाखवा. लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं, महिनाभराने फोटो काढून ताडता येतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे धीर धरा. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यातला डाग फुटबॉलची दुखापत म्हणून आधी सोडून दिला होता. १९७७ मध्ये मेलानोमाचं निदान झालं, १९८१ मध्ये ते गेले, वय ३६.

टॉवेलनगरी, दोन वर्षांत डाळीपासून ११ मिमी, म्हणजे वाट बघायची नाही. या आठवड्यात. तिथे एवढंच विचारा: "पूर्ण डाग काढणार की तुकडा?" लहान असेल तर दीड-दोन मिमी कडेसकट सगळा काढतात. टाचेवर मोठा असेल तर सगळ्यात काळ्या जागेतून तुकडा घेतात, तेही चालतं. दोन्ही वेळेला तो लॅबला जातोय, कचऱ्यात नाही, हे डोळ्यांनी बघा. आणि मोबाइलवरच्या तीळ तपासणाऱ्या अ‍ॅपच्या नादी लागू नका. गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली ती, आपल्या टाचेवर काय सांगणार.

मी_माढेकर

माझा चुना मागे घेतो. माझ्या काकूच्या कमरेला परकराच्या नाडीचा काळा पट्टा आहे वर्षानुवर्षांचा, तो पण त्यातलाच का?

स्लाइडवाली

बहुतेकींचा तो घर्षणाचाच काळेपणा असतो. पण नाडीच्या जागी न भरणारी जखम किंवा कडक फोड झाला तर दाखवा. तो मेलानोमा नव्हे, कातडीचा दुसऱ्या जातीचा कॅन्सर. धोतराच्या गाठीखालीही सापडलाय, म्हणून पुरुषांनी हसू नये. नाडीऐवजी रुंद पट्टी लावली आणि बांधायची जागा बदलत राहिली तर बरं.

टॉवेलनगरी

उशिरा लिहितोय, माफ करा. जाऊन आलो.

लूमच्या धाग्याचं बोललो. अप्पा म्हणाले, "एक नाही बे, तीन तुटेपर्यंत चालवायचो आम्ही." पण आले.

डॉक्टरीणबाईंनी आधी दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं बघितलं. मग टाचेवर मार्कर पेन फिरवलं आणि स्पिरिटने पुसलं. मला वाटलं खूण करतायत. तर ती शाई तळव्याच्या रेघांच्या खाचांत राहते, उंचवट्यांवरून निघून जाते. भिंगातून मलाही दाखवलं. त्या म्हणाल्या, साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत असतो. अप्पांचा काळा रंग मधल्या उंचवट्यांवर होता. साकळलेल्या रक्ताचाही असा दिसू शकतो म्हणून ब्लेडने वरचा थर अलगद खरवडून बघितला. रक्त असतं तर निघालं असतं. नाही निघालं. बिब्ब्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल, पण बिब्ब्याचा डाग दोन वर्षांत पसरत नाही.

परवा भूल देऊन कडेसकट पूर्ण डाग काढला. बाटलीवर अप्पांचं नाव मी स्वतः वाचलं. रिपोर्टला आठ दिवस. खराब निघाला तर खोली किती मिलिमीटर आहे त्यावर पुढचं ठरेल, एक मिमीच्या आत असेल तर बरं, आणि वरच्या थरातच असेल तर आणखी थोडं कापून काम भागतं, असं त्या म्हणाल्या. शुगर आटोक्यात ठेवायला सांगितलंय, नाहीतर टाका लवकर भरणार नाही. पाय टेकायचा नाही, पंधरा दिवस कुबडी.

अप्पांनी एकच प्रश्न विचारला, पुढच्या संक्रांतीला अनवाणी चालता येईल का. बाई म्हणाल्या, आधी टाके निघू द्या.

आता कुबडीवर दिवसभर घरात. करायला काही नाही, म्हणून चष्मा लावून अव्वाचे तळवे तपासतात. तिच्याही टाचांना बिब्ब्याचे दोन-तीन जुने डाग आहेत. टाके काढायला जाऊ तेव्हा तिलाही दाखवून आणावं का?

स्लाइडवाली

आणा. पाय स्वच्छ धुऊन, आणि तोवर मेंदी लावू देऊ नका. मेंदीचा रंगही उंचवट्यांवरच बसतो, भिंगाखाली घोटाळा होतो. रिपोर्ट आला की इथे टाका, नाव झाकून.