इच्छाधारी नाग हिरो आहे, पण सीन सिरियलसारखा होतोय, मदत करा

भडंगवाली: मी सांगलीची, सहा महिने झाले एक कादंबरी लिहितेय, लव्हस्टोरी पण सस्पेन्सवाली. हिरो इच्छाधारी नाग, बत्तीस शिराळ्याजवळच्या गावातला, हिरॉइनला झाडपाल्याची औषधं येतात आणि थोडं खरंखुरं चेटूकपण, गाव तिला चेटकीणच म्हणतं. अडलंय तो नाग आहे हे तिला कळतं तिथं. मी चांदणं, वारा, चमकणारे डोळे सगळं घातलं तर बहीण म्हणते पुंगी वाजवू का मागनं? 😭

मोरणाकाठ: ताई मी साप पकडून सोडतो, कादंबऱ्या काय वाचत नाय, पण कात टाकायच्या आधी थोडे दिवस नागाचे डोळे दुधाळ निळसर होतात, नीट दिसत नाय नि लय चिडका होतो. तसाच हिरो करा की, दारच उघडत नाय, हिला वाटतंय दुसरीकडं सूत जुळलं, नि मग न्हाणीत कात घावते, पायमोजा काढल्यागत उलटी, डोळ्यांच्या जागी दोन गोल काचा. सापाला पापणी नसती, डोळ्यावरचा खवला कातीबरोबरच निघतो. आणि दूध पाजू नका त्याला, हात जोडतो.

कंदीपेढा: कात भारी! पण तिला खरंच चेटूक येतं म्हटल्यावर गाव बरोबरच ठरतं ना? दाभोलकरांच्या साताऱ्यात राहून मला हे टोचतं. येऊ दे चेटूक, पण म्हैस मेल्याचा आळ येतो ते तिनं केलेलं नको. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, त्याआधीचा काळ घेतला तर त्या कायद्याचापण आधार नाही तिला.

मोरणाकाठ: आधीचाच घ्या. तवा शिराळ्यात पंचमीला जिवंत नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, वर फडकं बांधून, नंतर सोडायचे. कोर्टाची बंदी नंतर आली. सगळा गाव नाग हुडकतोय नि तुमचा गडी नेमका कातीवर आलेला, आंधळा.

भडंगवाली: अगं बाई!! म्हणजे तो मडक्यात आणि ही रात्री एकेक फडकं सोडून बघतेय? पण ओळखणार कसा, सगळे नाग सारखेच की

मोरणाकाठ: सारखे कुठं ताई, डोळे बघायचे. निळसर एकाचेच.