मदत हवी आहे: चकतीत वाढतात, प्लेटवर येईनात

मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पात अडकलोय. सहजी न वाढणाऱ्या मातीतल्या जिवाणूंकडून एखादं नवं प्रतिजैविक मिळतंय का, ते बघायचं आहे. २०१५ साली टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक ज्या आयचिपमुळे (जिवाणूंना त्यांच्याच मातीत वाढवणाऱ्या चकतीमुळे) हाती लागलं, तिचीच घरगुती नक्कल केली. वॉशरच्या भोकात पातळ केलेली माती अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) कालवून भरली, दोन्ही बाजूंना ०.०३ मायक्रॉन छिद्रांचा पडदा सिलिकॉनने चिकटवला आणि चकती त्याच मातीत पुरली. जिवाणू आत कोंडलेले, मातीतली द्रव्यं मात्र आरपार.

चार आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली इवल्याशा वसाहती दिसल्या. हरखलोच! पण त्या उचलून प्लेटमधल्या न्यूट्रिएंट अगारवर (भरपूर खाणं असलेल्या नेहमीच्या अगारवर) रेघाटल्या की शून्य. उगवतो तो फक्त बॅसिलस, हा मातीतला नेहमीचा जिवाणू, बहुधा कडेच्या फटीतून घुसलेला. पाचदा हेच. सर म्हणतात, स्ट्रेप्टोमायसीस (प्रतिजैविकं देणारे मातीतले ओळखीचे जिवाणू) घे आणि मोकळा हो. पण ती खाण १९४०च्या दशकापासून उपसून झाली आहे, पुन्हा जुनंच काहीतरी सापडायचं.

कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
न्यूट्रिएंट अगार सोडा. अर्धपोटी जगणाऱ्यांना एवढं खाणं सोसत नाही. आर२ए हा कमी खाण्याचा अगार घ्या, तोही दहापट पातळ. आणि एक विचारतो: माध्यमातलं फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करता का? तसं केलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक मंडळी तिथेच मरतात. जपानी संशोधकांनी २०१४ साली हे दाखवून दिलं. वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करा, अगार गोठायच्या आत मिसळा.

धागाकर्ता
एकत्रच करतो. वर्षभर! हे कुणीच सांगितलं नव्हतं.

प्रतिसाद २
बॅसिलसला लगेच हाकलू नकोस. काही जिवाणूंना लोह पकडणारे सिडरोफोर स्वतः बनवता येत नाहीत, ते शेजाऱ्याच्या जिवावर वाढतात. प्लेटवर तुझं नमुन्याचं द्रावण पसरून मधोमध बॅसिलसचा ठिपका दे. त्याच्याभोवतीच वसाहती दाटल्या तर समज, त्या त्याच्याच जिवावर वाढतायत. नाहीच जमलं तर चकतीतून नव्या चकतीत दोन-तीन फेऱ्या कर, काही जण हळूहळू प्लेटला सरावतात.

प्लेटा किती दिवस ठेवतोस? २०२३ मधल्या क्लोव्हिबॅक्टिन या प्रतिजैविकाचा जिवाणू बारा आठवड्यांनी उगवला होता.

धागाकर्ता
सात दिवस. मग ऑटोक्लेव्ह करून टाकून देतो.

प्रतिसाद २
अरे देवा. प्लेटा सीलबंद कर, नाहीतर सुकतील, आणि तारीख घालून कपाटात ठेव.