रात्री खुराड्यात पाणी ठेवावे की काढून घ्यावे?

प्रश्न
नमस्कार. माझ्याकडे अंड्यांवर असलेल्या ८ कोंबड्या आहेत. दिवसभर त्या आवारात मोकळ्या असतात आणि दिवेलागणीला आपणहून खुराड्यात शिरून दांडीवर बसतात. दहा-अकरा तास मुक्या जिवांना पाण्यावाचून कोंडणे मनाला पटत नाही, म्हणून मी रात्रीही आत पाण्याचे भांडे ठेवत आले आहे. परंतु रोज सकाळी ते भांडे कलंडलेले तरी असते किंवा तुसाने आणि विष्ठेने भरलेले तरी, आणि खाली अंथरलेले तूस इतके भिजते की दार उघडताच अमोनियाचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. पाणी रात्री काढून घेतले तर त्यांना त्रास होईल का? अंडी कमी होतील का?

प्रतिसाद १
मोठ्या, निरोगी कोंबड्यांना अंधाऱ्या खुराड्यात रात्री पाणी लागत नाही. कोंबडीची नजर अंधारात फार अधू असते; एकदा दांडीवर बसली की उजाडेपर्यंत ती खाली उतरत नाही, त्यामुळे भरलेले भांडे समोर असले तरी ते रात्रभर तसेच राहते.

मात्र म्हणून पाण्याचे महत्त्व कमी मानू नये. अंड्याच्या आतील भागात सुमारे ७५ टक्के पाणीच असते, आणि अंड्यावरची कोंबडी साधारण हवेत दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. उन्हाच्या दिवसांत हे प्रमाण दुप्पटही होते. म्हणजे आपल्या ८ कोंबड्यांना एरवी २ लिटर आणि कडक उन्हात ४ लिटरपर्यंत पाणी लागेल असे धरून चालावे. खुराड्यात शिरण्यापूर्वी त्या दाणा टिपून गळ्याजवळची पिशवी भरून घेतात आणि त्यावर भरपूर पाणी पितात. म्हणून संध्याकाळी भांडे रिकामे किंवा घाण असेल, तर ती चूक रात्री आत पाणी ठेवून भरून निघत नाही.

ओल्या तुसाची आपली काळजी अगदी रास्त आहे. श्वासातून आणि विष्ठेतून बंद खुराड्यात आधीच पुष्कळ दमटपणा साचतो. त्यात पाणी सांडले की विष्ठा कुजून अमोनिया सुटतो, आणि तो पक्ष्यांच्या डोळ्यांना व श्वासनलिकेला अपाय करतो. शिवाय रक्ती हगवणीचे जंतू उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांतच रोग पसरवण्याजोगे होतात. तूस मुठीत दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते फार ओले आहे, हळूहळू विस्कटला तर ठीक आहे. ओला भाग उचलून टाकावा, त्यावर नुसते कोरडे तूस पसरू नये.

प्रतिसाद २
वरील मत मला मान्य आहे, पण पाणी काढून घेण्याचा सल्ला मी सरसकट देणार नाही. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि उकाड्यात ती चोच उघडून धापा टाकते, तेव्हा श्वासावाटे शरीरातील पाणी जात राहते. अशा रात्रीनंतर पहाटे तिला ताबडतोब पाणी मिळालेच पाहिजे. मी आत निपल ड्रिंकर लावले आहेत, म्हणजे चोचीने टोचल्यावरच थेंब पडतो. निपल अशा उंचीवर असावे की पक्ष्याला मान किंचित वर ताणावी लागेल. एक सावधगिरी सांगतो: माझ्याकडे एकदा निपलचे वायसर झिजले आणि सबंध बादली रात्रीतून तुसात उतरली. तेव्हापासून दार लावण्यापूर्वी मी प्रत्येक निपलखाली कोरडा तळहात धरून पाहतो.

प्रतिसाद ३
पिल्लांना यातले काहीही लागू करू नये, ही कळकळीची विनंती. दिव्याच्या उबेत ठेवलेली पिल्ले रात्रीही खातात, म्हणून त्यांच्यापुढे चोवीस तास पाणी हवे. भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, म्हणजे ती बुडणार नाहीत. मोठ्या पक्ष्यांच्या खुराड्यातही दिवा जळत असेल किंवा दाणा ठेवलेला असेल, तर पाणी ठेवावेच. खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एक-दोनदाच उठते. तिला पाण्यासाठी लांब जावे लागू नये.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. मी सलग चार रात्री भांड्यावर पाण्याच्या पातळीशी खडूने रेघ मारली. पहाटे अंधारात बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर पाणी चारही वेळा रेघेलाच होते. नंतर फटीतून उजेड आल्यावर बाहेर थांबून निरीक्षण केले, तेव्हा खरा प्रकार समजला. भांडे दांडीच्या बरोबर खाली होते. पहिली कोंबडी खाली उडी मारताना भांड्याच्या काठावर आदळली, आणि बाकीच्या दाण्याकडे न वळता थेट पाण्यावर तुटून पडल्या. मी दार उजाडल्यानंतर तब्बल दीड तासाने उघडत होते. म्हणजे पाणी त्यांना हवे होते ते रात्री नव्हे, या दीड तासात. आता मला रोज इतक्या लवकर उठणे शक्य नसेल, तर काय करावे?

प्रतिसाद १
आपण चिकाटीने छडा लावलात, याचा आनंद वाटला. खुराड्याला लागून चारही बाजूंनी आणि वरून मजबूत जाळी लावलेला बंदिस्त भाग करता आला, तर आतले दार रात्रीही उघडे ठेवता येईल आणि पाणी त्या भागात राहील. तसे करताना जाळी जमिनीत वीतभर पुरावी, नाहीतर मुंगूस किंवा कुत्रे उकरून आत शिरते. तोवर भांडे आतच ठेवावे, परंतु दांडीपासून दूरच्या कोपऱ्यात, विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला काठ येईल असे, आणि ते रोज संध्याकाळी घासून ताज्या पाण्याने भरावे.