विमानातून उतरून त्याच दिवशी रेल्वे धरायची, तर किती वेळ हाताशी ठेवावा?

मूळ मत
आंतरराष्ट्रीय विमानाची पोहोचण्याची वेळ आणि पुढच्या लांब पल्ल्याच्या गाडीची सुटण्याची वेळ यांत किमान चार तासांचे अंतर असावे, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही तिकिटे स्वतंत्रपणे काढली की ते दोन वेगळे करार होतात, आणि विमानाच्या उशिरामुळे गाडी चुकली तर रेल्वे कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. युरोपीय संघाचा विमानप्रवाशांच्या हक्कांचा २६१/२००४ हा नियम जिथे लागू होतो, तिथेही उशिराची ठरावीक भरपाई तीन तासांपासून पुढे मिळते. विमानाच्या दोन तासांच्या उशिराने गाडी चुकली तर त्या नियमाखाली ही भरपाई मिळत नाही. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर बाहेरच्या नागरिकांचे बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पासपोर्टच्या रांगेचा जुना अंदाज आता धरू नये.

प्रतिसाद
मी असहमत आहे. झुरिच, ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट येथे स्थानक विमानतळालाच जोडलेले आहे. तिथे रात्रभराच्या प्रवासाने थकलेल्या माणसाला, विशेषतः सोबत लहान मुले किंवा वृद्ध असताना, चार तास बाकावर बसवून ठेवणे हीदेखील एक किंमतच आहे आणि ती हिशेबात धरली पाहिजे. खरा प्रश्न तिकीट कोणते आहे हा आहे. जर्मनीत सवलतीचे तिकीट ठरावीक गाडीशी बांधलेले असते, पण ‘फ्लेक्सप्राइस’वर त्या दिवशीची कोणतीही गाडी चालते, विमानाच्या तिकिटाबरोबर घेतलेले ‘रेल अँड फ्लाय’ तर पोहोचण्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही वापरता येते. तासातासाला गाडी असलेल्या मार्गावर गाडी चुकली, तर जातो तो एक तास.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
जर्मनीपुरते हे मान्य आहे, परंतु तोच हिशेब फ्रान्सला लावता येत नाही. टीजीव्हीला, म्हणजे तिथल्या अतिवेगवान गाडीला, आसन आरक्षण सक्तीचे असते. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर टीजीव्हीचे स्थानक आहे खरे, पण आग्नेय फ्रान्सकडे जाणाऱ्या अनेक गाड्या शहरातल्या गार द लियों स्थानकावरून सुटतात आणि तिथवर सामानासह गाडी बदलत जावे लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरून युरोस्टार, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सकडे जाणारी गाडी, धरणाऱ्याची अडचण याहून मोठी आहे: लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर गाडीत बसण्यापूर्वीच सुरक्षा तपासणी आणि फ्रान्सची पासपोर्ट तपासणी होते, म्हणजे एकाच दिवसात सीमेची रांग दोनदा लागते.

आणखी एक प्रतिसाद
दोघेही पहिल्या गाडीचा विचार करत आहात. मी आधी त्या दिवसाची शेवटची गाडी पाहतो. ठरवलेल्या गाडीनंतर आणखी दोन गाड्या असतील तर दोन तासही पुरतात. ठरवलेलीच शेवटची असेल तर चार तासांवरही विसंबू नये आणि मुक्काम करून सकाळची गाडी घ्यावी.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर
शेवटच्या गाडीचा मुद्दा मला पटतो, आणि युरोस्टारसाठी चार तासही मान्य आहेत. झुरिचसाठी मात्र मी दोनच तास धरीन, आणि चेक-इन केलेली बॅग नसेल तर त्याहूनही कमी.